लुव्हरमधले भूत आणि शापित राजे: क्लोद बार्मा यांचे दोन संच

क्लोद बार्मा या फ्रेंच दिग्दर्शकाच्या दोन मालिकांचे डीव्हीडी संच मी गेल्या वर्षी विकत घेतले. पहिला संच 'बेल्फेगोर' या १९६५ सालच्या चार भागांच्या कृष्णधवल मालिकेचा आहे आणि दुसरा 'ले र्‍वा मोदी', म्हणजे 'शापित राजे', या १९७२ साली सुरू झालेल्या सहा भागांच्या रंगीत मालिकेचा. दोन्ही मी आता दोन-दोनदा पाहिले आहेत. पहिल्या वेळी गोष्टीच्या ओढीने पाहिले आणि दुसऱ्या वेळी दिग्दर्शकाचे काम न्याहाळत. माझे मत सुरुवातीलाच सांगते. दुसरा संच ज्याला अभिनयाची आवड आहे अशा प्रत्येकाने घ्यावा. पहिलाही घ्यावा, पण त्यातल्या रहस्यकथेपेक्षा त्यातल्या वातावरणासाठी घ्यावा. शक्य असेल तर दोन्ही एकत्र घ्यावेत, कारण एका माणसाने पाव शतकात कमावलेली कारागिरी कशी होती, हे ते शेजारी ठेवल्यावर जितके स्पष्ट दिसते तितके सुटे पाहिल्यावर दिसत नाही.

बार्मा यांचे नाव फ्रान्सबाहेर फारसे घेतले जात नाही. त्यांच्या उमेदीच्या काळातच फ्रेंच चित्रपटात नवी लाट आली आणि जगभरातल्या रसिकांचे लक्ष तिकडे वळले. त्याच वर्षांत, त्याच पॅरिस शहरात, छोट्या पडद्यासाठी काही माणसे तितक्याच निष्ठेने एक नवे माध्यम घडवत होती, याची नोंद घ्यायला फारसे कोणी शिल्लक राहिले नाही. बार्मा यांचा जन्म १९१८ साली नीस येथे झाला आणि १९९२ साली त्यांचे निधन झाले. स्तेलियो लोरेन्झी आणि मार्सेल ब्लुव्हाल यांच्याबरोबर त्यांचे नाव घेतले जाते. पॅरिसच्या ईशान्येला ब्युत-शोमों उद्यानाजवळ एके काळी गोमों कंपनीचे चित्रपटाचे स्टुडिओ होते. पुढे ते दूरचित्रवाणीकडे आले आणि तिथे काम करणाऱ्या दिग्दर्शकांच्या या पिढीला 'ब्युत-शोमोंची शाळा' असे नाव पडले. शाळा म्हणावी असे त्यात औपचारिक काही नव्हते. शिकवायला गुरूच नसल्यामुळे सगळे एकमेकांकडून आणि स्वतःच्या चुकांमधून शिकत होते.

या संचांकडे वळण्यापूर्वी त्या काळच्या थेट प्रक्षेपणाविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण त्यावाचून बार्मा यांची एकही चौकट नीट कळणार नाही. १९५०च्या दशकातले फ्रेंच दूरचित्रवाणी नाटक संध्याकाळी ठरलेल्या वेळी स्टुडिओत घडत असे आणि त्याच क्षणी घराघरांत दिसत असे. सगळे सेट शेजारीशेजारी उभे केलेले असत. एका दालनातला प्रवेश संपता संपता नटाने केबलींच्या जंजाळातून वाट काढत, धावत, कधी वाटेतच अंगरखा बदलत दुसऱ्या दालनात पोचायचे, आणि तोवर दुसऱ्या पात्राच्या चेहऱ्यावर कॅमेरा रोखून दिग्दर्शकाने वेळ भरून काढायची. जड कॅमेरे एकमेकांच्या चौकटीत येऊ न देता फिरवायचे आणि कुठल्या क्षणी कुठल्या कॅमेऱ्याचे चित्र बाहेर जाईल हे नियंत्रण कक्षात बसून तत्काळ ठरवायचे. चूक झाली तर ती साऱ्या देशासमोर झाली. १९६४ सालच्या वसंत ऋतूपर्यंत फ्रान्समध्ये एकच वाहिनी होती, त्यामुळे ज्यांच्या घरी टीव्ही सुरू होता ते सगळे हेच पाहत असत.

या तालमीतून बार्मा यांना दोन सवयी लागल्या. पहिली म्हणजे नटाच्या चेहऱ्यावर आणि आवाजावर पूर्ण विसंबणे, कारण दुसरे काही हाताशी नसेच. दुसरी म्हणजे जे उभे करता येणार नाही त्याचे नुसते सूचन करून बाकीचे प्रेक्षकाच्या कल्पनेवर सोपवणे. पुढे साधने वाढली, चित्रफीत आली, रंग आले, पैसाही आला, तरी या दोन सवयी त्यांनी सोडल्या नाहीत. मला हा त्यांचा सर्वांत मोठा गुण वाटतो, आणि दोन्ही संचांतून मी सतत शोधत राहिले ती हीच गोष्ट.

त्यांनी केलेल्या कामाचा आवाका थक्क करणारा आहे. १९५० साली त्यांनी केलेली 'नोस्त्रादामस एजन्सी' ही फ्रेंच दूरचित्रवाणीवरची पहिली क्रमशः मालिका मानली जाते. पुढे पिएर द्युमाये आणि पिएर देग्रोप या दोघांबरोबर त्यांनी गाजलेले खटले स्टुडिओत पुन्हा उभे करणारी मालिका सुरू केली. तिच्यात प्रेक्षकाला जणू पंचांच्या बाकावर बसवले जाई आणि निवाडा त्याच्या विवेकावर सोपवला जाई. ती १९६०च्या दशकाच्या अखेरपर्यंत चालली. १९५९ साली त्यांनी 'मॅक्बेथ' केले. त्यात दानिएल सोरानो आणि मारिया काझारेस होत्या. त्याच वर्षाच्या नाताळात 'थ्री मस्केटीअर्स'चे दूरचित्रवाणी नाटक झाले आणि त्यातला दार्तान्यां होता झां-पोल बेलमोंदो. मोठ्या पडद्यावर बेलमोंदोचे नाव दुमदुमायला तेव्हा अजून काही महिने बाकी होते. पुढच्या वर्षी सोरानो यांना घेऊन त्यांनी 'सिरानो द बेर्जराक' सादर केले. त्यानंतर 'ऑथेल्लो' आले, त्यातही मुख्य भूमिकेत सोरानोच होते. सोरानो १९६२ साली, वयाच्या अवघ्या ४१व्या वर्षी गेले. ते गेल्यावर बार्मा यांच्या कामाची दिशा थोडी बदललेली दिसते. काव्यनाटकांचे प्रमाण कमी होते आणि मालिका वाढतात. या दोन गोष्टींचा संबंध लावणे हा माझा अंदाज आहे, पण एका दिग्दर्शकाला असा नट आयुष्यात एकदाच मिळतो, असे मला मनापासून वाटते.

चित्रपटांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. १९५१ साली जॉर्ज फेदो यांच्या प्रहसनावरून त्यांनी 'ल दांदों' केला आणि १९५९ साली गायक जिल्बेर बेको यांना घेऊन 'क्रोकमितूफ्ल'. मोठ्या पडद्यावर त्यांचा जीव रमला नाही, आणि तो न रमल्याचे दुःख त्यांनी केल्याचेही दिसत नाही.

आता पहिला संच.

'बेल्फेगोर'चे चार भाग मार्च १९६५ मध्ये दर शनिवारी रात्री प्रक्षेपित झाले. त्या काळी फ्रान्सची लोकसंख्या ४ कोटी ८० लाखांच्या आसपास होती आणि घरोघरी टीव्ही अजून पोचलेला नव्हता, तरीही सुमारे १ कोटी लोकांनी ही मालिका पाहिली. कथा आर्त्युर बेर्नेद यांच्या १९२७ सालच्या कादंबरीवरून घेतलेली आहे आणि पटकथेसाठी तिचे रूपांतर झाक आर्मां यांनी केले. लुव्हर संग्रहालयात रात्रीच्या पहाऱ्यावर असलेल्या रक्षकाला मूर्तींच्या दालनातून एक काळी आकृती सरकताना दिसते. तिच्या अंगावर पायघोळ काळा झगा आहे आणि तोंडावर मुखवटा. पोलिसांचा त्याच्यावर विश्वास बसत नाही. आंद्रे बेलगार्द नावाचा एक तरुण विद्यार्थी मात्र कुतूहलापोटी संग्रहालय बंद होताना आतच लपून राहतो, आणि तिथून पुढे गोष्ट उलगडत जाते. शेवट सांगून मी कोणाची मजा घालवणार नाही.

बार्मा यांनी इथे जे साधले आहे ते पाहण्यासाठी पहिला भाग पुरेसा आहे. भीती दाखवण्यासाठी ते काहीही अंगावर फेकत नाहीत. भूत पळत नाही, ओरडत नाही, प्रकट होताना धूर निघत नाही. ते फक्त चालते. त्या झग्याच्या आत इसाक अल्वारेझ हे मूकाभिनय करणारे कलावंत होते, आणि ही निवड म्हणजे या मालिकेचा निम्मा प्राण आहे. त्यांचे पाय जमिनीला लागतात की नाही असा संभ्रम पडावा इतकी ती चाल सलग आहे. अंगाला कुठे झोल नाही, खांद्याला हिसका नाही, वळताना आधी डोके आणि मग धड असे काही होत नाही. साऱ्या आकृतीने एकदमच वळावे तसे ते वळते. बार्मा तिच्यावर कॅमेरा स्थिर ठेवतात, प्रवेश तोडत नाहीत आणि आपल्याला पुरेसा वेळ पाहू देतात. चटकन काहीतरी दाखवून लपवले की प्रेक्षक दचकतो, पण त्याच्या मनात ते मुरत नाही. इथे मुरते, कारण वेळ दिलेला आहे.

त्याला आंत्वान द्युआमेल यांच्या संगीताची साथ आहे. मालिका पाहून झाल्यावरही ते कानात राहते. त्याहून मला भावली ती शांतता. रिकाम्या दालनातला पावलांचा आवाज आणि दूर कुठेतरी दार लागल्याचा आवाज यांवर या माणसाने मिनिटे काढली आहेत. रंगभूमीवर ज्याने काम केले आहे त्याला ठाऊक असते की स्तब्धता धरून ठेवायला संवादापेक्षा जास्त हिंमत लागते.

ज्युलिएत ग्रेको यांच्या निवडीविषयी स्वतंत्रपणे लिहायला हवे. त्या तोवर गायिका म्हणून प्रसिद्ध होत्या. महायुद्धानंतरच्या पॅरिसमधल्या सॅं-जर्में वस्तीतल्या तळघरांतून पुढे आलेला, काळ्या पोशाखातला, काळ्याभोर केसांचा हा चेहरा फ्रान्समध्ये प्रत्येकाला परिचित होता. बार्मा यांनी त्या परिचयाचाच उपयोग केला. ग्रेको पडद्यावर येतात तेव्हा आपण एका पात्राला भेटत आहोत की त्या पात्राच्या आडून दुसरे कोणी आपल्याकडे पाहते आहे, हे कळत नाही. त्या फारशा हलत नाहीत आणि आवाज चढवत नाहीत. समोरचा तरुण बोलत असताना त्या ऐकतात. त्यांचे ऐकणे कॅमेरा इतक्या जवळून टिपतो की संशय, माया आणि थकवा ही तिन्ही एकाच चेहऱ्यावर एका वेळी दिसतात. आंद्रेच्या भूमिकेतले ईव्ह रेनिए तेव्हा जेमतेम २२ वर्षांचे होते. पुढे ते पोलिस अधिकाऱ्याच्या भूमिकेत वर्षानुवर्षे फ्रेंच पडद्यावर दिसणार होते. इथे त्यांच्यात एक निरागस उतावीळपणा आहे आणि ग्रेको यांच्या संथपणासमोर तो शोभतो. कमिशनर मेनार्दिए झालेले रने दारी हे जुन्या चित्रपटांतले मुरलेले नट, त्यामुळे तपासाच्या प्रवेशांना वजन येते. लेडी हॉडविन या विक्षिप्त वृद्धेच्या भूमिकेत सिल्व्ही आहेत. ऐंशी ओलांडलेल्या या अभिनेत्रीसाठी १९६५ हे वर्ष मोठे भाग्याचे ठरले, कारण त्याच वर्षी एका चित्रपटातल्या नायिकेच्या भूमिकेनेही त्यांचे नाव सगळीकडे झाले. त्या आल्या की बाकीचे सगळे आपोआप दोन पावले मागे सरतात.

दोष आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. प्रत्येक भाग सव्वा तासाच्या आसपास चालतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या भागात गोष्ट अडखळते. गुप्त पंथ, जुन्या किमयागारांचे रहस्य आणि त्यामागे लागलेली टोळी असे सगळे तिच्यात आहे, आणि वर्तमानपत्रात रोज क्रमशः येणाऱ्या गोष्टीला जे शोभते ते सलग पाहताना ताणल्यासारखे वाटते. बार्मा यांचा हात लागतो तो दालनांना, चेहऱ्यांना आणि रात्रीला. मोटारींचा पाठलाग किंवा खलनायकांची खलबते आली की तेच दिग्दर्शन एकदम सर्वसाधारण होते. उलगडाही माझ्या मते पहिल्या भागाच्या तोलामोलाचा नाही. म्हणूनच हे चार भाग चार वेगवेगळ्या रात्री, मध्ये आठवड्याचे अंतर ठेवून पाहावेत, असे मी सुचवीन. ते तसेच पाहण्यासाठी घडवलेले आहेत. एका बैठकीत संपवणाऱ्याला त्यांचे दोषच आधी दिसतील.

या दोन संचांच्या मधल्या सात वर्षांत बार्मा थांबले नव्हते. झां रिशार यांना जॉर्ज सिमेनों यांच्या रहस्यकथांतल्या कमिशनर मेग्रेच्या भूमिकेत घेऊन १९६७ साली जी मालिका सुरू झाली, तिच्या आरंभी बार्माच होते. ती पुढे १९९० सालापर्यंत, एकूण ८८ भाग चालली. १९६९ साली दोमिनिक पातुरेल यांना घेऊन त्यांनी 'दार्तान्यां' केली. तिच्यात घोडे, मोकळी मैदाने, तलवारबाजी असे सगळे आहे, आणि ती पाहताना हा माणूस आता स्टुडिओच्या बाहेर पडला असे वाटते. पण तीनच वर्षांनी तो पुन्हा स्टुडिओत आला, आणि या वेळी साधने नाहीत म्हणून नव्हे, तर त्याला तेच हवे होते म्हणून.

'शापित राजे' हा संच माझ्या दृष्टीने या परीक्षणाचा गाभा आहे. मोरिस द्र्युओं यांनी १९५५ ते १९६० या काळात लिहिलेल्या सहा कादंबऱ्यांवरून मार्सेल झ्युलियां यांनी पटकथा लिहिली, आणि एका कादंबरीचा एक भाग या हिशेबाने सहा भाग डिसेंबर १९७२ ते जानेवारी १९७३ मध्ये दुसऱ्या वाहिनीवर प्रक्षेपित झाले. ही वाहिनी १९६७ सालापासून रंगीत होती. चौदाव्या शतकाच्या आरंभीचा फ्रान्स, म्हणजे फिलिप देखणा हा पोलादी राजा, त्याची तीन मुले आणि इंग्लंडची राणी झालेली मुलगी इझाबेल यांचा हा काळ आहे. १३१४ साली टेम्पलर पंथाचा प्रमुख झाक द मोले याला जिवंत जाळले जाते आणि ज्वाळांमधून तो पोप व राजा यांना शाप देतो, अशी आख्यायिका आहे. त्याच वर्षात पोप आणि राजा दोघेही मेले, हा इतिहास आहे. तिथून एकेक राजा मरत जातो, गादीला वारस उरत नाही, मुलींना गादी नाकारण्यासाठी कायद्याचा आधार शोधला जातो आणि गोष्ट शतवार्षिक युद्धाच्या उंबरठ्यावर येऊन थांबते. या साऱ्याच्या बुडाशी एक घरगुती भांडण आहे. आर्त्वा परगणा कोणाचा, यावरून रोबेर द आर्त्वा आणि त्याची आत्या माओ यांच्यात हाडवैर पेटले आहे. भावकीतला जमिनीचा वाद दोन राज्यांना कसा युद्धात लोटतो, हे मी इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कुठल्याही मालिकेत पाहिलेले नाही.

हे सगळे बार्मा यांनी जवळजवळ रिकाम्या नेपथ्यात उभे केले आहे. पहिल्या पाच मिनिटांत कोणालाही धक्का बसेल. राजवाडा म्हणावा तर एक पडदा, एक सिंहासन आणि मागे सपाट रंग. तुरुंग म्हणावा तर भिंतीचा भास आणि वरून पडणारा उजेड. दगड दगडासारखे दिसावेत असा आग्रहच नाही. मीही पहिल्यांदा पाहताना खट्टू झाले आणि खर्च वाचवला असावा असे वाटले. अर्ध्या तासाने मात्र मी नेपथ्याकडे पाहणे सोडून दिल्याचे माझ्या लक्षात आले, कारण माणसे इतक्या जवळ आली होती की मागच्या भिंतीला काही कामच उरले नव्हते. जुन्या हस्तलिखितांतल्या चित्रांमध्ये जसा एक मनोरा म्हणजे शहर आणि एक झाड म्हणजे अरण्य असते, तशीच ही रचना आहे. ज्या काळाची गोष्ट आहे त्या काळाने स्वतःला ज्या रीतीने चितारले, त्या रीतीशी ती जुळते. रंगही मोजके आहेत, त्यामुळे एखादे लाल वस्त्र किंवा मुकुटाची कड एकदम बोलू लागते.

हा डाव उलटू शकला असता. रिकाम्या रंगमंचावर कच्चा नट उघडा पडतो. बार्मा यांनी जी माणसे निवडली, त्यांतली कित्येक कॉमेदी फ्रांसेज या जुन्या राष्ट्रीय नाट्यसंस्थेच्या परंपरेत तयार झालेली होती. झां पिया यांचा रोबेर द आर्त्वा हा माझ्या पाहण्यातल्या सर्वोत्तम खलपुरुषांपैकी एक आहे, आणि त्याला खलपुरुष म्हणताना मला संकोचही वाटतो. तो दांडगा आहे, खोटारडा आहे, बनावट कागदपत्रे करतो आणि माणसे वापरून फेकून देतो. पण त्याच्या हसण्यात इतकी जगण्याची हाव आहे की तो प्रवेशातून गेला की पडदा निस्तेज होतो. समोर एलेन द्युक यांची माओ. या बाईंनी आवाज चढवल्याचे मला फारसे आठवत नाही. विषाची गोष्ट त्या किराण्याचा हिशेब सांगावा तशा करतात, आणि त्यामुळे अंगावर काटा येतो. दोघे समोरासमोर आले की बार्मा फार हालचाल करत नाहीत. एक चेहरा, दुसरा चेहरा, मध्ये थोडे अंतर, आणि बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्यावर किंचित जास्त वेळ. थेट प्रक्षेपणाच्या दिवसांत नटाला धावायला वेळ मिळावा म्हणून कॅमेरा दुसऱ्यावर थांबे, आणि आता कोणी धावत नसतानाही तो थांबतो. गरजेपोटी शिकलेली युक्ती इथे शैली झाली आहे.

झॉर्ज मार्शाल यांचा फिलिप राजा डोळ्यांची पापणीही जपून हलवतो. झन्व्हिएव्ह काझिल यांची इझाबेल पहिल्या भागात जितकी करारी आहे, तितकीच पुढे एकाकी होत जाते. लुई सेनिए यांनी केलेला तोलोमेई हा इटालियन सावकार मला सगळ्यांत जवळचा वाटला. सगळे राजे, सरदार आणि धर्मगुरू ज्याच्याकडे हात पसरतात असा हा म्हातारा, आणि दरबारात काय चालले आहे हे कोणाही मंत्र्यापेक्षा त्याला जास्त ठाऊक. सत्तेचा खरा हिशेब सावकाराच्या दुकानात होतो हे त्याचे प्रवेश भाषण न करता सांगून जातात. झॉर्ज दलरू यांचे संगीत नेमके आणि धीरगंभीर आहे. झां दसाई यांच्या आवाजातले निवेदन कोण कोणाचा कोण हे समजावत जाते. नावे आणि नाती इतकी आहेत की त्याच्याशिवाय वाट चुकली असती. पण चौथ्या-पाचव्या भागात निवेदनाचा भार वाढतो आणि जे दोन पात्रांच्या बोलण्यातून कळले असते ते आधीच सांगितले जाते. तिथे मला बार्मा आणि झ्युलियां यांनी प्रेक्षकावर थोडा अधिक भरवसा ठेवायला हवा होता असे वाटले. मोकळ्यावरच्या थोड्या दृश्यांचाही सांधा नीट जुळत नाही. स्टुडिओतल्या प्रतिकात्मक जगातून एकदम खऱ्या झाडांमध्ये आल्यावर तंद्री मोडते. लढाया जवळपास नाहीतच, आणि युद्धाच्या अपेक्षेने संच घेणाऱ्याची निराशा होईल.

याच कादंबऱ्यांवर २००५ साली झोझे दायां यांनी नवी मालिका केली. तिच्यात माओच्या भूमिकेत झान मोरो होत्या आणि रोबेरच्या भूमिकेत फिलिप तोरेतों. नेपथ्याची कल्पना फिलिप द्रुइये या चित्रकथाकारांची होती. मी तीही पाहिली आहे. तिच्यात पाहण्यासारखे पुष्कळ आहे. अडचण हीच की डोळा सतत भिंतींवर, पोशाखांवर आणि विचित्र आकारांवर जात राहतो, आणि माणसे त्या वैभवात हरवतात. झान मोरो यांच्यासारखी अभिनेत्री असूनही मला एलेन द्युक आठवत राहिल्या. दोन्ही मालिका एकापाठोपाठ पाहिल्या की बार्मा यांनी काय काय वगळले, आणि वगळल्यामुळे काय कमावले, ते स्वच्छ कळते. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी द्र्युओं यांच्या या कादंबऱ्यांना आपल्या सिंहासनाच्या खेळाचे, म्हणजे 'गेम ऑफ थ्रोन्स'चे, मूळ रूप म्हटल्यापासून तरुण वाचक तिकडे वळले आहेत. त्यांनी कादंबऱ्या वाचून झाल्यावर जुन्या मालिकेकडे यावे. ड्रॅगन आणि सैन्यांची सवय झालेल्या डोळ्यांना पहिला अर्धा तास जड जाईल, तेवढा काढावा.

संचांच्या तांत्रिक बाजूविषयी. मी घेतलेल्या प्रतीत 'बेल्फेगोर'चे चित्र अपेक्षेपेक्षा बरेच चांगले आहे. काळ्या रंगाच्या छटा टिकल्या आहेत, आणि या मालिकेत तेच सर्वांत महत्त्वाचे. काही ठिकाणी ओरखडे आणि आवाजात खरखर आहे, पण ऐकणे अवघड जात नाही. 'शापित राजे'चे चित्र त्या काळच्या स्टुडिओतल्या चित्रणासारखे मऊ आहे. मोठ्या पडद्यावर ताणले तर कडा विरघळतात, म्हणून मी ते मुद्दाम लहान पडद्यावर, जवळ बसून पाहते, आणि ते तसेच शोभते. माझ्या दोन्ही प्रतींत परक्या भाषेतली उपशीर्षके नव्हती, ही खरी अडचण आहे. माझे फ्रेंच कामचलाऊ आहे. 'बेल्फेगोर' तेवढ्यावर निभावते, कारण तिच्यात पाहणे जास्त आणि ऐकणे कमी. दुसऱ्या मालिकेत मात्र संवाद हाच सगळा व्यवहार असल्यामुळे मी कादंबरीचा अनुवाद हाताशी ठेवून प्रत्येक भाग पाहिला. विकत घेण्यापूर्वी वेष्टनावर भाषेचा तपशील वाचून घ्यावा.

मला सर्वांत जास्त उणीव जाणवली ती या संचांत नसलेल्या गोष्टीची. सोरानो यांचा सिरानो आणि मॅक्बेथ, बेलमोंदोचा दार्तान्यां ही थेट प्रक्षेपणाच्या काळातली कामे यांच्यासोबत हवी होती. थेट नाटके जतन करण्याचा त्या काळचा मार्ग म्हणजे प्रक्षेपण चालू असताना नियंत्रण पडद्यावर चित्रपटाचा कॅमेरा रोखून चित्रण करणे. अशा प्रतींत चित्र धूसर असते, कडांना काळोख असतो, आणि तरीही तो क्षण त्यात पकडलेला असतो. त्यांतले एखादे नाटक जरी पुरवणी म्हणून जोडले असते, तर 'शापित राजे'मधला तो बोलणाऱ्याऐवजी ऐकणाऱ्यावर थांबणारा कॅमेरा कुठून आला, हे नव्या प्रेक्षकाला डोळ्यांनी पाहता आले असते. फ्रान्समधल्या राष्ट्रीय दृक्‌श्राव्य अभिलेखागाराकडे जुन्या प्रक्षेपणांचा ठेवा आहे, आणि ज्यांना हे दोन संच आवडतील त्यांनी पुढचा शोध तिथे घ्यावा.

एकच संच घेण्याइतकी सवड असेल तर 'शापित राजे' घ्यावा, पहिला भाग सलग पाहावा आणि दुसऱ्या भागातल्या मार्गरीत राणीच्या, म्हणजे फिलिपच्या थोरल्या मुलाच्या बायकोच्या, कैदेपर्यंत मत बनवू नये. शातो-गैयार किल्ल्यातल्या त्या थंडीत, चार वस्तूंच्या त्या खोलीत, म्युरिएल बाप्तिस्त यांच्या चेहऱ्यावर जे घडते ते पाहिल्यानंतर उरलेले चार भाग पाहायचे की नाही हे विचारावे लागणार नाही.